बदललं तेवढंच उतरवा

उबुंटू या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती एप्रिल-ऑक्टोबरात येते. त्याआधी काही महिने तिची चाचणीची आयएसओ, म्हणजे अख्खी प्रणाली असलेली एकच फाईल, जवळपास रोज नव्याने बनते. आकार पाच जीबीच्या वर. कालच्या आणि आजच्या फाईलमध्ये फरक बहुधा मूठभर पॅकेजेसचा. तरी अनेक जण उतरवतात अख्खी.

का?

उपाय नाही म्हणून नव्हे. बदललेले तुकडेच पाठवणारं आरसिंक १९९६ पासून आहे. पण त्यात तुकडे जुळवण्याची मेहनत सर्व्हरच्या माथी. दहा जण आले तर ठीक, हजारो आले की सर्व्हरच आडवा.

झेडसिंक या साधनाने ती मेहनत उलटी फिरवली. सर्व्हरवर तुकड्यांच्या चेकसमची, म्हणजे ओळखखुणांची, यादी एकदाच बनवून ठेवायची. तुमचा संगणक कालची फाईल तिच्याशी ताडतो आणि कमी पडणारे तुकडे साध्या एचटीटीपीवरून मागवतो. उबुंटू ही यादी रोजच्या आयएसओशेजारीच ठेवतं. वापरणार कोण?

डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचं जिगडो आणखी धीट. आयएसओत असतं काय? मिररवर, म्हणजे प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, आधीच असलेली पॅकेजेस. मग तीच पुन्हा बांधून का ठेवायची? साचा घ्या, पॅकेजेस जवळच्या मिररवरून उचला, आयएसओ घरी जोडा. मिरर चालवतात विद्यापीठं, इंटरनेट कंपन्या, स्वयंसेवक. त्यांची डिस्क फुकट मिळते, म्हणून फुकट घालवायची?

कधीकधी मात्र सारंच बदलतं. २०२४ च्या मार्चअखेरीस एक्सझेड या फाईल दाबणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला, उबुंटू २४.०४ ची बीटा आठवडाभर लांबली, ढीगभर पॅकेजेस पुन्हा बांधावी लागली. तेव्हा बचत कसली!

रोजची अडचण वेगळी आहे. आयएसओच्या पोटातली स्क्वॅशएफएस ही फाईलप्रणाली दाबून भरलेली असते. आत थोडं हललं तरी पुष्कळ तुकडे जुळेनासे होतात. शिवाय मूळ झेडसिंकला एचटीटीपीएस कळत नाही. दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्याजोग्या आहेत. निकड कुणाला वाटते?

दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते. चाचणीच्या आवृत्तीत मराठीचं जोडाक्षर तुटलं, अनुस्वार सरकला, तर ते त्याच्याच डोळ्यांना आधी दिसणार. पाच जीबी मागून आपण त्याला दारातच अडवतो. मग ती चूक सापडते आवृत्ती बाहेर पडल्यावर, लाखो संगणकांवर पोचल्यावर.