सिडनीचे गणित, डिकीतला दणका

मोटारीच्या डिकीत सबवूफरचा घरगुती खोका बसवण्याच्या विद्येत ऑस्ट्रेलियाचा मान मोठा आहे. खोक्याचे आकारमान आणि स्पीकरचे गुणधर्म यांचा मेळ घालणारे गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये तिथेच मांडले. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले. आज जगभर त्याच गणितावर खोके बेतले जातात. हौशी कारागीर मात्र डिकीत उरलेली जागा पाहून एमडीएफची फळी कापतो.

जोडणीचा क्रम सरळ आहे. बॅटरीच्या धन टोकाजवळ वीतभर अंतरात फ्यूज, तिथून जाड वायर अॅम्प्लिफायरपर्यंत, आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो वारंवार उडाला की मोठा घालण्याची प्रथा आहे, म्हणजे पुढच्या खेपेस फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. स्पीकरच्या ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यास भार २ ओहम होतो, एकसर जोडल्यास ८. अॅम्प्लिफायरला किती झेपते, हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. पुस्तिका खोक्याच्या फटीत कोंबायला उपयोगी पडते.

शेवटी चाचणी. ठेक्यागणिक हेडलाइट मिणमिणतात आणि मागची नंबरप्लेट गाण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात गाडीतून त्रासदायक आवाज काढणे दंडनीय आहे. त्यामुळे खोका जमल्याची पहिली पावती बहुधा दंडाचीच असते.