घर टोचन करून नेण्याची रीत
(नवशिक्यांसाठी, रत्नागिरी आणि आसपासचे चढ-उतार गृहीत धरून)

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चाकांवरचं घर घेऊन कोकणात उतरणं ही सरकारमान्य हौस झाली. घर कुठे उभं करावं, तिथे पाणी-वीज कशी मिळावी, याचा विचार धोरणात आहे. टायर कुठे बसेल याचा नाही. तो बहुधा आरे-वारेच्या चढावर बसतो.

टायर बसल्यावर समुद्राकडे बघू नका. या रस्त्यावर फोटोसाठी थांबलेल्या गाड्यांची रांग असते. त्या रांगेत तुम्ही उभे राहिलात तर घर बंद पडलंय हे कुणाला कळणारच नाही. मागे आणखी दोन गाड्या लागतील आणि त्यांतली माणसं चहा मिळेल का विचारायला दार वाजवतील. म्हणून जमेल तेवढं हळूहळू पुढे सरकून वळण टाळा, सपाट जागा गाठा आणि धोक्याचे दिवे लावा. लाल त्रिकोण चांगला पन्नास पावलं मागे ठेवा. त्रिकोण नसेल तर हिरवा टाळ तोडून टाका, तो घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला वाचता येतो. हॉर्न वाजवत बसू नका. तुतारीचा मान पुढे मालगुंडात केशवसुतांकडे गेलेला आहे.

आता हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, गॅस सिलिंडर बंद करा आणि सगळ्यांना खाली उतरवा. आजी म्हणतील, "मी बसते आतच, माझं काय वजन?" त्यांनाही उतरवा. टाकीतलं पाणी सोडून द्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते जॅकवर चढवण्यात शौर्य नाही. फ्रिजचं दार दोरीने बांधा. घर एका अंगाला कललं की सर्वांत आधी बाहेर येते ती सुरमई.

उभ्या राहणाऱ्या चाकांना अडण लागते. रत्नागिरीत रस्त्याकडेला जांभ्याचे चिरे रचलेले दिसतील आणि हात आपोआप तिकडे जाईल. जाऊ देऊ नका. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं टिकतो, पण चार टनांच्या चाकाखाली त्याची कड भुगा होते. काळा दगड शोधा किंवा लाकडी गुटका घरूनच आणा. सोबत एक जाड फळीही आणा. पावसाळ्यात इथल्या तांबड्या मातीवर नुसता जॅक लावला की जॅक पाताळात जातो आणि घर आहे तिथेच राहतं. फळीवर जॅक, जॅकवर घर, आणि घराखाली कोणीही नाही. काहीतरी घरंगळलं म्हणून डोकावणारासुद्धा नाही.

पण जॅक फिरवण्याआधी नट. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करायचा असतो. नवशिके आधी घर उचलतात, मग पान्हा लावतात, आणि नटाबरोबर अख्खं चाक गोल फिरताना बघत बसतात. खाऱ्या हवेने नट गंजलेला असतो. पान्ह्याला पाइप लावून लांबी वाढवली तर तो ऐकतो. तरीही ऐकला नाही तर अंगबळ वाढवण्याआधी गाडीचं पुस्तक काढा. काही जुन्या जड गाड्यांना डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे नट असतात, आणि तुम्ही इतका वेळ घाम गाळून ते घट्ट करत असता.

एव्हाना सल्लागार आलेले असतील. ते दोघे मोटरसायकलवर येतात. पहिला टायरला बुटाने डिवचून सांगतो, "टायर गेलाय." दुसरा म्हणतो, "मूळचे कुठले तुम्ही?" उत्तरात चुकूनही कोकणातलं गाव सांगू नका. सांगितलंत तर त्याच्या चुलत्याची मेव्हणी तुमच्या मामाच्या वाडीत निघते आणि अर्धा तास चाकाला कोणी हात लावत नाही. तिसरा पायी येतो, तुम्हाला आयुष्यात प्रथमच बघतो आणि म्हणतो, "तरी सांगत होतो." या मंडळींना हाकलू नका, जॅक डगमगला तर तुमच्याआधी तेच ओरडतात. मात्र सुटे नट त्यांच्या हातात देऊ नका. त्या हाताने ते रस्ता दाखवतात.

नवं चाक चढवलं की नट समोरासमोरच्या क्रमाने बोटांनी बसवा, घर खाली घ्या आणि मग त्याच क्रमाने आवळा. संपलं. आता किल्ली फिरवा. गाडी सुरू होणार नाही, कारण इतका वेळ धोक्याचे दिवे, फ्रिज आणि आजींचा पंखा एकाच बॅटरीवर चालू होते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी लावून सुरू झाली तर पुढचं वाचू नका.

नाही झाली, तर टोचन. इथे वाडीतून कोणीतरी विहिरीचा काथ्याचा दोर आणतो. सुंभ तुटतो, आणणाऱ्याचा पीळ तसाच राहतो. त्याला नमस्कार करा आणि लोखंडी रॉड मागवा, कारण दोर ओढायला असतो, थांबवायला नसतो. उतार लागला की तो ढिला पडतो आणि मागचं घर पुढच्या टेम्पोला मागून भेटतं. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि ब्रेकही एक-दोनदा दाबल्यावर घट्ट होऊन बसतो. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रलवर. ऑटोमॅटिक गाडी किंवा हवेच्या ब्रेकची बस असेल तर रॉडचाही नाद सोडून क्रेन बोलवा. आंबा घाटातून कोल्हापूरला ओढत न्यायचा बेत असेल तरी तेच.

2017 साली नवे नियम येईपर्यंत 1989 च्या रस्तानियमांनी घालून दिलेली शिस्त सोपी होती. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा होता, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको होतं, मागे पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांत 'ऑन टो' अशी पाटी हवी होती आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत. शेवटच्या अटीची धास्ती घेऊ नका. मुंबई-गोवा महामार्गावर काही पट्ट्यांत ती कित्येक वर्षं सगळेच पाळत आलेत, टोचन नसतानाही.

गॅरेजात पोहोचलात की बॅटरीच्या आधी पंक्चर काढायला टाका. स्टेपनी आता चाकात आहे आणि तिची जागा रिकामी आहे. गणपतीपुळ्याला जाऊन रत्नागिरीत परतलात की साधारण पन्नास किलोमीटर भरतात. तेवढ्याला नट पुन्हा आवळा.