विटेवरचे गृहस्थ

सोन्याचा सोस असलेली माणसे आपल्या समाजात इतकी विपुल आहेत की त्यांची स्वतंत्र दखल घेण्याचे कोणाला कारण उरलेले नाही. परंतु खासगी टांकसाळींनी पाडलेल्या चांदीच्या विटा आणि लगडी विकत घेऊन त्या घरातच रचून ठेवणारे गृहस्थ अजून पेठेपेठेतून एखाददुसरेच सापडत असल्यामुळे, आणि ते सापडले की आपल्याला तासाभरात सोडीत नसल्यामुळे, त्यांचे यथामति वर्णन करून ठेवणे मला अगत्याचे वाटते. सोने जमवणारा मनुष्य कितीही कृपण असला तरी मुळात प्रपंचीच असतो, कारण त्याचे सोने आज ना उद्या कोणाच्या तरी गळ्यात वा मनगटात प्रकट होऊन हवा खाते. चांदीच्या विटेला अशी गती नाही. ती येते, मोजली जाते, वहीत नोंदली जाते आणि अंतर्धान पावते.

हे गृहस्थ बहुधा सरकारच्या हिशेबखात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले असतात, आणि ज्या सरकारच्या नोटांवर त्यांचा कवडीचा विश्वास नाही त्याच सरकारचे निवृत्तिवेतन, त्याच नोटांच्या हिशेबाने, दरमहा बिनबोभाट स्वीकारून त्यातील शिल्लक ते चांदीत घालतात. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: नोट म्हणजे कागद, बँक म्हणजे त्या कागदाची वखार, शेअर म्हणजे जुगार, जमीन म्हणजे फिर्याद, शाश्वत काय ते एक शुभ्र धातूच आहे. पुराव्यादाखल ते कंपनी सरकारचा 1835 सालचा रुपया मांडतात. एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला तो बंदा रुपया 1940 च्या सुमारास निम्म्या चांदीवर आला आणि 1947 मध्ये निकेलचा झाला, ही हकिकत ते अशा खिन्न स्वरात सांगतात की ऐकणाऱ्याने टोपी काढावी. 1893 पर्यंत तर कोणीही उठून आपली चांदी सरकारी टांकसाळीत न्यावी आणि हशील देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. ती त्या वर्षी बंद झाली, आणि हे कृत्य जणू कालच आणि खास त्यांना चुकवून झाले असा त्यांचा रोष असतो.

म्हणून ते सरकारला सोडून खासगी टांकसाळीला शरण गेले. येथे इतिहासाने त्यांची जी थट्टा केली आहे ती त्यांच्या ध्यानात आलेली नाही, आणि आणून देण्याचे धाडस मी केलेले नाही. पेशवाईत टांकसाळ चालवण्याची परवानगी सोनारांना व सावकारांना सरकार नजराणा घेऊन देत असे. नाणे अमुक वजनाचे, अमुक कसाचे पाडीन असे लिहून घेतले जाई, आणि तरीही अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये बाजारात येऊन प्रत्येकाचा बट्टा निराळा होऊन बसे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या अमदानीतील चलन व टांकसाळी ह्या विषयावर व्यासंगपूर्ण निबंध लिहिला आहे. तो वाचताना एवढे जाणवते की आपले पूर्वज ह्या खासगी कारभाराला विटून एका सरकारी शिक्क्याची आस धरून होते. दोनशे वर्षांनी त्यांचा वंशज त्या शिक्क्याला विटून पुन्हा सोनाराच्या दारी उभा राहिला आहे, आणि ह्याला तो आर्थिक जागृती म्हणतो.

खासगी टांकसाळीचा माल मात्र देखणा असतो हे कबूल केले पाहिजे. कोणावर लक्ष्मी, कोणावर गजानन, कोणावर मंदिराचे शिखर. वर नऊशे नव्व्याण्णवचा ठसा, अनुक्रमांक, आणि हे सर्व एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात मोहोरबंद. पाकीट जितके लहान तितकी घडणावळ दर ग्रॅममागे जड, हा बाजाराचा नियम हे गृहस्थ इतरांना समजावून सांगतात, किलोचीच वीट घ्यावी असा उपदेश करतात, आणि स्वतः दिवाळीला दहा ग्रॅमची पाच निरनिराळी पाकिटे घेऊन येतात, कारण पाचांवरची लक्ष्मी पाच तऱ्हांची असते. वर तीन टक्के वस्तू व सेवा कर पडतो. तो ते सरकारला शिव्या देत भरतात आणि पावती जपून ठेवतात.

चांदीचा शत्रू गंधक, हे ज्ञान त्यांना झाले त्या दिवसापासून त्यांच्या कुटुंबाचे दिवस फिरले. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि गंधक असते अंड्यात, कांद्यात, लसणात, इतकेच काय, रबरबँडमध्येही. परिणामी ज्या खोलीत कपाट आहे तीत कांदालसणाचा प्रवेश बारा महिने बंद झाला, आणि जो चातुर्मास त्यांनी मातोश्रींच्या आग्रहाखातरही कधी पाळला नव्हता तो धातूसाठी अखंड सुरू झाला. नव्या जोड्यांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या ज्या पुड्या येतात त्या ते आप्तेष्टांकडून मागून आणतात; कोणी नवे जोडे घेतल्याचे कळले की अभिनंदनापूर्वी पुडीची चौकशी होते. उलटपक्षी त्यांच्या पत्नीची चांदी, म्हणजे निरांजन, तबक, अत्तरदाणी, नातवाचे वाळे, ही रोज हाताळली जाते, सणावारी रांगोळीने घासली जाते आणि लख्ख असते. ती चांदी ह्या गृहस्थांच्या लेखी चांदीच नव्हे, कारण तिच्यावर अनुक्रमांक नाही.

त्यांची सर्वांत मोठी निष्ठा गुप्ततेवर आहे. चांदी घरात आहे हे डाव्या हाताचे उजव्या हाताला कळता कामा नये, असे ते ज्याला ज्याला सांगतात त्याला त्याला ती दाखवल्यावाचून सोडीत नाहीत. पाहुण्याच्या सरबतातला बर्फाचा खडा चमच्याने उचलून ते विटेवर ठेवतात आणि तो कसा झरझर वितळतो ते दाखवतात, कारण सर्व धातूंत उष्णतेचे वहन चांदी सर्वांत त्वरेने करते. मग विटेचे एक टोक उचलून तिच्या उतरणीवरून जबर शक्तीचे लोहचुंबक सोडतात. ते न चिकटता, पण अदृश्य हाताने धरल्यासारखे, संथपणे घसरत खाली येते. मग स्वयंपाकघरातले मापाचे भांडे येते, पाणी येते, तराजू येतो, आणि विशिष्ट गुरुत्व साडेदहाच्या किंचित खाली, म्हणजे बरोबर, निघते. एवढे होईपर्यंत सरबत कोमट झालेले असते. मौज अशी की हे सर्व प्रयोग एकाच उघड्या विटेवर, जिला ते नमुना म्हणतात, वर्षानुवर्षे चालले आहेत. बाकीच्या विटा मोहोरबंद असल्यामुळे तपासता येत नाहीत. जगातल्या कोणावरही विश्वास न ठेवणारा हा मनुष्य त्या प्लॅस्टिकवर मात्र निःशंक भरवसा ठेवून निजतो.

भावाच्या बाबतीत त्यांचे पुराण टेक्सासच्या हंट बंधूंपासून सुरू होते. त्या कोट्यधीश बंधूंनी जगातली चांदी कशी गोळा केली, आणि 1979 च्या आरंभी सहा डॉलरांच्या आसपास असलेला औंसाचा भाव जानेवारी 1980 मध्ये पन्नाशीपर्यंत कसा पोचला, हे ते उभे राहून सांगतात, आणि तेथेच अध्याय समाप्त करतात. दोनच महिन्यांनी, 27 मार्चच्या गुरुवारी, तोच भाव अकरा डॉलरांच्या खाली गेला आणि हंट बंधू कर्जात रुतले, हे त्यांच्या पोथीत नाही. फार छेडले तर बाजारवाल्यांनी ऐन वेळी नियम बदलले असे सांगतात, जे खरेही आहे. स्वतः त्यांनी मोठी खरेदी केली एप्रिल 2011 मध्ये, म्हणजे भाव दुसऱ्यांदा पन्नाशीला टेकला तेव्हा. पुढची साडेचौदा वर्षे त्यांनी ज्या धीरोदात्तपणे काढली त्याला तोड नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये डॉलरातला भाव पन्नाशी ओलांडून गेला तेव्हा सारी आळी त्यांना विचारू लागली की आता विकणार ना? ते अनुकंपेने हसले. चढत असताना विकणे मूर्खपणा, आणि उतरत असताना विकणे नुकसान. ह्या दोहोंखेरीज तिसरी स्थिती बाजाराला अद्याप सुचलेली नाही.

एकदा मात्र विकण्याचा प्रसंग आला. धाकट्या चिरंजीवांच्या महाविद्यालयाची फी भरायची होती, आणि कुटुंबाच्या निकडीपुढे मान तुकवून हे गृहस्थ किलोची एक वीट पिशवीत घालून सराफकट्ट्यावर गेले. पेढीवरच्या तरुणाने पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “काका, आमच्या पेढीचं असतं तर तसंच घेतलं असतं. हे परक्या टांकसाळीचं. पाकीट फोडावं लागेल, टंच काढू, थोडी घट धरू, आणि मोडीच्या भावानं घेऊ.” मोड हा शब्द पत्नीच्या पाटल्यांच्या संदर्भात त्यांनी अनेकदा सहज उच्चारला होता, विटेच्या संदर्भात तो ऐकून त्यांचा चेहरा पाहवेना. वर शिक्का आहे, क्रमांक आहे, दाखला आहे, असे त्यांनी परोपरीने सांगून पाहिले. तरुण म्हणाला, “शिक्का ज्याचा, त्याच्याकडे न्या.” ते वीट घेऊन परतले, आणि त्या दिवशी भाव जरा उतरलेला असल्यामुळे त्याच पेढीवरून येताना दहा ग्रॅमची एक लक्ष्मी घेऊन आले.

फी राष्ट्रीयीकृत बँकेतली मुदत ठेव मोडून भरली गेली.

रात्री पानावर बसताना पत्नीने विचारले, “अहो, मग ह्या विटा आहेत तरी कशासाठी?”

“अडचणीच्या काळासाठी.”

“आणि ही अडचण नव्हती?”

“ही फी होती,” ते म्हणाले. “अडचण म्हणजे सरकार बुडेल तेव्हा येईल ती.”

“सरकार बुडालं तर तुमची पेन्शन कोण देणार?”

ह्याला उत्तर असणारच. परंतु न्यूयॉर्कचा बाजार उघडून बराच वेळ झाला होता आणि भाव पाहायचा राहिला होता, म्हणून ते आमटीचा दुसरा वाढा न घेताच उठले.