सुरगाण्याहून भुयारात

मुंबईच्या मेट्रो ३ वर २७ स्थानके आहेत. आरे तेवढे जमिनीवर, बाकी २६ जमिनीच्या पोटात. सुरगाणेकराला त्यांतले सर्वांत सोयीचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे. सोयीचे अशासाठी, की नाशिकरोडहून सुटलेली पंचवटी एक्सप्रेस त्याच्या जवळच येऊन थांबते. मात्र ती सकाळी सातच्या सुमारास सुटते. त्यामुळे बोरगाव, वणी, दिंडोरी करत एसटीने आदल्या दिवशीच नाशिक गाठून पाहुण्यांकडे मुक्काम टाकणे हा या मेट्रोप्रवासाचा पहिला टप्पा ठरतो. सुरगाणा तालुक्यात रेल्वे नाही. गुजरातेत वघईपर्यंत नॅरोगेज येते, पण तिचे तोंड बिलीमोऱ्याकडे.

स्थानकात शिरताच सामान तपासणीच्या यंत्रात जाते. नागलीच्या पापडांची पिशवी आत गेली की पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तिचा मालक आधीच जाऊन उभा असतो. पापड शाबूत आहेत हे चाचपून झाल्यावरच तो तिकिटाकडे वळतो. मग सरकता जिना. आयुष्यभर घाट चढलेला-उतरलेला माणूस इथे एक पाय पुढे टाकतो, मागे घेतो, पुन्हा टाकतो, आणि मागून आवाज येतो, “काका, चला की!”

फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे. गाडी थांबली की भिंतीची आणि डब्याची दारे एकदमच उघडतात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची एसटीतली विद्या इथे निरुपयोगी.

भुयारे खोदणाऱ्या यंत्रांना नद्यांची नावे दिली होती, त्यांत गोदावरीही होती. त्र्यंबकेश्वरची गोदावरी मुंबईखाली खडक फोडते आहे, ही बातमी नाशिक जिल्ह्यात हवी तेवढी गाजली नाही. पाण्याने मात्र हिशेब चुकता केला. १० मे २०२५ रोजी गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकापर्यंत धावू लागली आणि २६ मे रोजी पावसाचे पाणी त्याच स्थानकात शिरले. एवढ्या ऐवजावर अत्र्यांनी किमान तीन अग्रलेख काढले असते. पुढचा टप्पा, म्हणजे आपले टर्मिनस धरून कफ परेडपर्यंतचा, ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला.

सुरुवातीला खाली मोबाइलला रेंज मिळेना, तेव्हा मुंबईकर हवालदिल झाले. रेंजसाठी टेकडी चढणाऱ्या पाड्यावरच्या माणसाला जिना चढून फोन लावण्यात काहीच वावगे वाटले नाही.

कफ परेड ते आरे भाडे ७० रुपये. कागदी तिकीट बाहेर पडतानाही दाराला दाखवावे लागते. पानाच्या पुडीसोबत फेकू नये.