ट्रॉलीतली माती

भंडारदऱ्यात आता सायकलवरचा माळी मिळतो. पेट्रोल नाही, धूर नाही. सायकल, तिच्यामागे दोन चाकांची हिरवी ट्रॉली आणि ट्रॉलीवर पाटी: 'शून्य कार्बन बागकाम'. माळी मूळचा संगणकवाला. नोकरीला कंटाळला, शेंडीत खोली घेतली आणि धरणाकाठच्या रिसॉर्टांच्या बागा सांभाळू लागला. धंदा वाईट नाही. भांडवल थोडं, घाम भरपूर. शहरातून माल आणायच्या दिवशी मात्र बारीचा घाट सायकल पिकअपमध्ये बसून चढते. पिकअपवर पाटी नाही.

असू दे. माझा जीव त्या ट्रॉलीत अडकलाय. तिच्यात काय असतं? माती. छापील पिशवीतली, किलोच्या भावाची.

मुरशेतच्या एका आजीनं त्याला अडवून विचारलं, "काय रं दादा, शिमिट हाय का?"

"नाही आजी, माती."

आजीनं शेताकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "आन् आमची कुटं ग्येली?"

तुमची जड आहे, तिला निचरा नाही, असं त्यानं अदबीनं समजावलं. राब भाजून रोप टाकण्यात आणि गुडघाभर चिखलात आवणी करण्यात आजीचा जन्म गेला. निचऱ्याचं तिला कोण सांगणार? मातीखाली नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, त्याखाली शेण. वास काढलेलं, चाळलेलं, चेनच्या पिशवीतलं शेण. रस्त्यात गाय आडवी बसली की पिकअपवाला हॉर्न मारतो, गाय उठते आणि जाता जाता तोच माल फुकटात रस्त्यावर टाकून जाते. तो चुकवून पिकअप पुढे निघतो. मग रिसॉर्टात कारवी आणि हिरड्याची रोपं 'जंगली' म्हणून उपटायची आणि तिथं लॉन अंथरायचं. जुलैत पाऊस असा कोसळतो की घाटघरला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. पहिल्याच झोडीत पिशवीतली माती उतारानं धरणात. म्हणजे ऑगस्टात नवी ऑर्डर, नव्या पिशव्या, पुन्हा पिकअप. 1910 ते 1926 अशी सोळा वर्षं खपून लोकांनी प्रवरेवर धरण बांधलं, ते कशासाठी हे आत्ता कळलं. कुंडीतली माती साठवायला!

लॉनची खरी परीक्षा मेअखेर. काजवे बघायला गर्दी लोटते आणि पाहुण्याला अंधारातसुद्धा पायाखाली हिरवंगार लागतं. काजवे हिरड्यावर, सादड्यावर, जांभळीवर लखलखतात. लॉनवर एक उतरत नाही. पण लॉनला पाणी हवंच. टँकर येतो. इकडे अकरा टीएमसीचं धरण आवर्तनानं खाली उसाकडं वाहून गेलेलं, आणि धरणाच्या वरच्या वाडीतली बाई झऱ्याच्या खड्ड्यात वाटीनं पाणी गोळा करत बसलेली. वाटीनं! तिच्या डोळ्यांदेखत गवतावर पाण्याचे फवारे उडतात. इथं मला विनोद सुचत नाही. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्यांच्या नातवंडांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरायला लावायचा, गवताला मात्र दिवसातून दोनदा आंघोळ घालायची आणि वर पाटी लावायची निसर्गप्रेमाची? लाज नावाची वस्तू कुठल्या पिशवीत मिळत असेल, तर तीही आणा की एकदा.

आणखी एक. कॅरिअरला खुरपं आणि घमेलं अडकवून सायकलवर येणारा गडी या रिसॉर्टांत पूर्वीपासून होता. पेट्रोल तोही जाळत नव्हता. पाटी नव्हती, म्हणून त्याच्यासोबत फोटो कुणी काढला नाही. सायकल ठेवायची ती मागच्या दारानं, चहा प्यायचा तो बाहेर. आता त्याला नव्या धंद्यात घेतलंय. चढावर ट्रॉली ढकलायचं काम त्याच्याकडं आहे. रोज किती देता, म्हणून मालकाला विचारलं.

"सध्या शिकतोय तो," मालक म्हणाला. "इंटर्न आहे."

इंटर्नचं वय साठ.