वातावरण खात्याचे बापू

बारामतीत दादा, साहेब आणि ताई ही तीन संबोधनं कायमची राखीव असल्यामुळं या गृहस्थांना आपण बापू म्हणू. असे एक बापू प्रत्येक गटात असतात. बागायतदारांच्या गटात असतात, एमआयडीसीतल्या सुपरवायझरांत असतात, विद्या प्रतिष्ठानच्या एखाद्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपातही असतात. जेवायला कुठं जायचं, एवढं एकच खातं त्यांच्याकडं असतं. पण ते स्वतंत्र कार्यभाराचं असतं. ऊसबिल जमा झालं, कुणाची बढती झाली, आखाडाचे शेवटचे दिवस आले, की बापूंचा फोन फिरतो. कुणी भाबडेपणानं एखाद्या खानावळीचं नाव सुचवलंच तर उत्तर ठरलेलं असतं : "जेवान काय, कुठंबी मिळतंय. वातावरण पायजे." पुण्यात कोरेगाव पार्कातल्या एका बारमध्ये बापू एकदा जाऊन आलेले असतात. तिथं एवढा अंधार होता की मेनू मोबाईलच्या उजेडात वाचावा लागला, हे ते तक्रार म्हणून सांगतात की कौतुक म्हणून, हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत समजत नाही.

वातावरण म्हणजे नेमकं काय, हे बापूंना विचारून कळत नाही. ते कुठं नेतात हे पाहावं लागतं. बहुतेक वेळा ते भिगवणला नेतात. कारण विचारलं तर मासे. पण उजनीतली चिलापी, कटला, मरळ भिगवणच्या बाजारात लिलाव होऊन निघते ती बारामतीतही मिळते, आणि घरी तळली तर निम्म्या खर्चात होते. बरं, पाणी म्हणावं, तर बापूंची गाडी निघते रात्री साडेआठला. पुणे–सोलापूर महामार्गाच्या कडेला टेबल धरल्यावर धरण फक्त नावाला जवळ असतं. डोळ्यांना दिसतात त्या सोलापूरकडं जाणाऱ्या ट्रकांच्या लाल दिव्यांच्या रांगा. रोहित पक्षी हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या पाणथळीत उतरतात हे खरं, पण ते बघायचे तर सकाळच्या गारठ्यात होडीत बसावं लागतं, आणि त्या वेळी बापू घरी पालथे पडलेले असतात. म्हणजे मासे वजा केले, पाणी वजा केलं, पक्षी वजा केले, तरी बापू पंचवीस-तीस किलोमीटर जातातच. उरतं ते वातावरण, आणि त्याचा खुलासा हॉटेलच्या आत होतो.

आत काय असतं? भिंतीला टेकवलेलं बैलगाडीचं चाक असतं, त्याला ऑइलपेंट मारलेला असतो. एक नांगर असतो. कंदील असतात आणि त्यांत एलईडी असतात. झावळ्यांचं छप्पर, टांगलेली सुपं, चार खाटा, आणि दारातच एक चूल, जिच्यावर एक बाई सगळ्यांना दिसेल अशा बेतानं बाजरीच्या भाकरी थापत असते. आता गंमत अशी, की यातली प्रत्येक वस्तू बापूंच्या वस्तीवर आहे. चाक तर अस्सल आहे. गोठ्यामागं पडलंय आणि त्यावर कोंबड्या बसतात. त्या चाकापाशी उभं राहून बापूंनी आजवर एकही फोटो काढलेला नाही. शहरी माणूस इथं हसतो : शेतकरी पैसे मोजून खेड्याचं वातावरण विकत घेतो! पण हसणाऱ्यानं बापूंच्या घरच्या खाटेवर एक रात्र बसून पाहावं. खाट तीच, पण तिच्यावर बसलेल्या माणसाला या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे हे ठाऊक असतं. मोटर चालू करायला कोण जाणार, तोडणीच्या टोळीचा मुकादम उद्या तरी येणार का, म्हैस आज रात्री विते की उद्या, हे सगळं त्या खाटेला बांधलेलं असतं. हॉटेलातलं चाक बापूंकडं वंगण मागत नाही. नांगर कुठल्याच रानात जायचा नसतो. सामान तेच, त्यातलं काम तेवढं काढून घेतलेलं. बापू ज्याला वातावरण म्हणतात ते हेच, असा माझा दावा आहे.

हा दावा बारामती-इंदापूरपुरता नाही. मुंबईत लोअर परळला कमला मिलच्या आवारात जाऊन बघा. गिरणगावात जिथं पाळी बदलताना भोंगे वाजायचे, जिथून 1982 च्या संपात माणसं बाहेर पडली ती बहुतेक पुन्हा आत गेलीच नाहीत, तिथं आता उघड्या विटांच्या भिंती आणि लोखंडी तुळया जपून ठेवून त्यांखाली बिअर देतात. तुळया आहेत, कापसाची धूळ नाही. बापूंचं चाक आणि परळची तुळई एकाच मापाची आहेत, फक्त परळच्या बिलात सेवा शुल्क वेगळं लावतात. आणि खुद्द उजनी? 1980 मध्ये धरण पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातली कितीतरी पिकती रानं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, आणि लोक होडीतून ते बघायला जातात. ज्या शिवारात कुणाच्या तरी आजोबांनी पाळी घातली, तिथं आता नौकाविहार चालतो. काम पार बुडाल्यावर वातावरण किती निर्वेध होतं, याचा एवढा मोठा पुरावा जिल्ह्यात दुसरा नसेल.

यावर कुणी म्हणेल, एवढं तत्त्वज्ञान कशाला, ही सगळी दारूची सोय आहे. तसं असतं तर बापूंचं खातं कधीच बंद पडलं असतं. दारूला वातावरण लागत नाही. परमिट रूममध्ये पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, कळकट टेबलावर, भिंतीकडं तोंड करून माणसं समाधानानं पितात. शिवाय बापूंच्या गटात एक तरी माळकरी असतोच. तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूर दोन्हीकडं मुक्काम करते, तेव्हा या भागात माळकऱ्याशिवाय गट जमवणं अवघडच. तो शेवभाजी खातो, गाण्यांचा आवाज फार आहे म्हणतो, परतीची गाडी चालवतो आणि पुढच्या वेळी सगळ्यांत आधी तयार असतो. दुसरा आक्षेप मिरवण्याचा. तो निम्मा मान्य. बापू लायटिंगचं स्टेटस ठेवतात. पण पतसंस्थेचा वसुली अधिकारी आणि सासरे या दोघांना वगळून ठेवतात. निव्वळ मिरवायचंच असतं तर ते बारामतीच्या भर चौकात बसले असते. पण चौकात चार ओळखीचे भेटतात, आणि प्रत्येक ओळखीच्याच्या खिशात बापूंसाठी एक काम असतं. भिगवणच्या रस्त्यावर किलोमीटरगणिक गळतं ते हेच.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडं तितकं ठणठणीत उत्तर नाही. काम काढून घेतलं म्हणता, मग ते गेलं कुठं? ते वेटरच्या अंगावर गेलं, पहाटे जाळी ओढणाऱ्याच्या अंगावर गेलं, चुलीपुढच्या बाईच्या अंगावर गेलं. आणि विनोद हा, की थोडं बापूंच्याही अंगावर आलं. सगळे खाटांवर रेलतात तेव्हा बापू मालकाला "मासा जित्ता दाखव" म्हणत आत गेलेले असतात. पंख्याचं तोंड फिरवायला लावणं, कोपऱ्यातलं टेबल सोडवून घेणं, गाणं बदलायला लावणं, बिलातल्या दोन जादा भाकरी पकडणं, हे सगळं त्यांनाच करावं लागतं. पूर्ण गटात वातावरण न मिळालेला माणूस एकच असतो, आणि तो त्या खात्याचा प्रमुख असतो. घरच्यांना घेऊन गेले तर वहिनी मात्र बरोबर बसतात. लायटिंगकडं त्या बघत नाहीत, कारंजं त्यांना दिसत नाही. आज चूल आपली नाही एवढं त्यांना पुरतं, मग हॉटेलात ट्यूबलाइट असली तरी चालते. भाकरी आली की त्या ती मोडून बघतात, चुलीपुढच्या बाईला लांबून हातानंच "छान" म्हणतात, आणि बापूंना विचारतात, हिला दिवसाचे किती देतात हो? बापूंना हॉटेलातलं सगळं माहीत असतं, एवढं सोडून.