आमटीचं नवं नाव

पुण्याहून आलेल्या भाच्याने जाहीर केलं, "मावशी, आज मी व्हीगन बीन सूप करणार." म्हटलं, ते रे काय? तर कडधान्य, भाज्या आणि दूध-तूप अजिबात नाही. म्हणजे आमचे महिनाअखेरचे आठ दिवस!

त्याने पाकिटातला परदेशी घेवडा काढला. आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे वालाचे कितीतरी गावठी वाण जपून आहेत. सरकारने त्यांना २०२०ची पद्मश्री दिली. भाच्याने त्यांचं नाव ऐकलं नव्हतं.

शेवटी परवा भिजवून काल फडक्यात बांधलेले वाल मीच काढले. मोड आलेला दाणा अंगठ्याने दाबला की साल सुटते आणि डाळिंबी टुणकन उडते. त्याच्या पहिल्या तीन ओट्याखाली गेल्या. पुढे शेवगा, वांगं, भोपळ्याच्या फोडी, काळा मसाला, आमसूल, गुळाचा खडा. फोडणी तेलाचीच, इथे तूप कुणी मागितलं होतं?

वाटी चालेना, बाऊल हवा. वर कोथिंबिरीचं एक पान. फोटोखाली लिहिलं, 'गावरान व्हीगन सूप'. असो. नगरचं अहिल्यानगर व्हायला वर्षं गेली, आमटीचं सूप दोन मिनिटांत झालं.

फोटोपायी ती गार झाली, पुन्हा गरम केली. बाजरीची भाकरी कुस्करताना भाचा हळूच म्हणाला, "मावशी, वर थोडं तूप मिळेल?"